सातशे सत्त्याहत्तरचा मोह

“ट्रिपल सेव्हन दे आणि मोकळा हो.”

सर्व्हर सांभाळायच्या कामात पडलेल्या माणसानं हा सल्ला कधी ना कधी ऐकलेला असतो, आणि निदान एकदा तरी पाळलेला असतो. मी पाळला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि शेवटची बस अकराची होती. एका छोट्या कार्यालयाची वेबसाइट, मागे लिनक्सचा सर्व्हर. साइटवर चढवलेले फोटो साठवलेच जाईनात. पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच ओळ, ‘परमिशन डिनाइड’. मी रूट म्हणून, म्हणजे त्या मशीनचा सर्वाधिकारी म्हणून आत शिरलो, परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड’ ही आज्ञा टाकली, पुढे ७७७, आणि ‘या फोल्डरच्या आत जे काही असेल त्या सगळ्याला’ असं सांगणारा मोठा आर. घाईत फोल्डरचा पत्ता लिहिताना पहिल्या स्लॅशनंतर एक स्पेस पडली. एकट्या स्लॅशचा अर्थ लिनक्समध्ये ‘मुळापासून सगळं’ असा होतो.

काही मिनिटांत त्या मशीनवरची जवळपास प्रत्येक फाइल कोणालाही वाचायला, लिहायला आणि चालवायला खुली झाली. फोटो चढू लागले. सकाळी मात्र सर्व्हरवर नेहमीच्या वाटेनं कोणालाच शिरता येईना, आणि थेट मशीनसमोर बसून शिरलेल्याला काही दुरुस्त करता येईना. सगळी कुलपं काढून टाकली होती आणि दारं होती ती उघडत नव्हती. हे असं का झालं ते कळायला मला परवानगीचा हा सगळा कारभार मुळातून समजून घ्यावा लागला.

स्वतःच्या लॅपटॉपनं ‘परवानगी नाही’ म्हटलं की माणूस चिडून एकच विचारतो: मशीन माझं, फाइल माझी, मग परवानगी देणारा हा कोण? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र कॉम्प्युटर कोणाचाच ‘माझा’ नव्हता त्या काळात जावं लागतं.

१९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची व्यवस्था पहिल्यांदा चालवून दाखवली. आयबीएमचा खोलीभर पसरलेला एकच कॉम्प्युटर, आणि टाइपरायटरसारख्या टर्मिनलांवर बसून तो एकाच वेळी वापरणारे अनेक जण. यंत्र क्षणभर याचं काम करी, क्षणभर त्याचं, आणि हा फेरा इतका भरभर चाले की प्रत्येकाला वाटे कॉम्प्युटर आपल्याच दिमतीला आहे. फाइली मात्र सगळ्यांच्या एकाच डिस्कवर. एका वाड्यात बिऱ्हाडं वाढली की माजघराला कडी लागते, तसे इथे पासवर्ड आले. पासवर्ड आले म्हणजे ते सगळे साठवणारी एक फाइलही आली.

ती फाइल लवकरच फुटली. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे ठरवून दिलेले चार तास पुरेनात. फाइलचं नाव पंचकार्डावर देऊन ती कागदावर छापून मागवायची सोय तिथे होती. त्यानं पासवर्डांच्या फाइलचंच नाव दिलं. छापील प्रत त्याला मिळाली आणि दुसऱ्यांच्या नावावरचे तासही मिळू लागले. मागणारा कोण, हे त्या वाटेवर कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतरचा किस्सा याहून भारी आहे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते. एकाच्या हातात पासवर्डांची फाइल, दुसऱ्याच्या हातात लॉगिन केल्या केल्या सगळ्यांना दिसणारी रोजची सूचना. संपादनाचा प्रोग्राम काम चालू असताना कच्ची प्रत एका ठरलेल्या नावानं ठेवत असे, आणि ते नाव दोघांसाठी एकच होतं. प्रतींची अदलाबदल झाली. मग जो कोणी लॉगिन करी त्याच्या टर्मिनलवर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. तिथे फक्त एक जण कमी होता, प्रत्येक फाइलीच्या दाराशी उभा राहून ‘तू कोण, आणि तुला हिचं काय करायचंय?’ असं विचारणारा.

तो जण नेमण्याचे प्रयत्न एमआयटीतच पुढच्या मल्टिक्स प्रकल्पात झाले. तिथे प्रत्येक फाइलीला नावांची आख्खी यादी जोडता येई: अमक्याला वाचू द्या, तमक्याला लिहूही द्या. मल्टिक्स भव्य होतं आणि त्याला वेळ फार लागत होता. त्यात सहभागी असलेली बेल लॅब्ज ही प्रयोगशाळा १९६९ साली बाहेर पडली. तिथले केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी एका अडगळीतल्या छोट्या मशीनवर स्वतःची सुटसुटीत व्यवस्था लिहायला घेतली, तिचं नाव युनिक्स. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत परवानगीच्या एकूण सहा खुणा आहेत. मालकाला वाचता येतं का, लिहिता येतं का. बाकीच्यांना वाचता येतं का, लिहिता येतं का. ही फाइल चालवण्याजोगा प्रोग्राम आहे का. आणि सहावी एक तिरपागडी खूण, जिच्याकडे नंतर येऊ. मालक आणि बाकीचे यांच्यामध्ये ‘गट’ पुढच्या काही वर्षांत आला आणि नऊ खुणांचा आजचा साचा तयार झाला: मालक, गट आणि इतर, आणि प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं. आज लिनक्स, अँड्रॉइड फोन, मॅक, बँकांचे सर्व्हर आणि इंटरनेटचा बराचसा भाग याच साच्यावर उभा आहे. मल्टिक्सच्या नावांच्या यादीपुढे हा साचा अगदीच ढोबळ आहे. पण तो एका नजरेत वाचता येतो, आणि माझ्या मते तो टिकला तो यामुळेच.

आता ते ७७७. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १. जी मुभा द्यायची तिचे आकडे मिळवायचे. वाचणं-लिहिणं म्हणजे ६, वाचणं-चालवणं ५, तिन्ही ७, काहीच नाही तर शून्य. ४, २, १ हेच आकडे का, तर त्यांची कुठलीही बेरीज दोन वेगवेगळ्या रीतींनी येत नाही. सहा दिसला की तो चार आणि दोनच. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. तिन्ही ठिकाणी आठ शक्यता, म्हणजे एकूण ५१२ प्रकार. रोजच्या व्यवहारात त्यातले पाच-सहाच भेटतात.

सगळ्यांत जास्त भेटतो तो ६४४. मालकानं वाचावं-लिहावं, बाकी सगळ्यांनी नुसतं वाचावं. आपल्याकडे याचं चोख उदाहरण म्हणजे सातबारा. गावातल्या कोणाच्याही जमिनीचा उतारा कोणीही पाहू शकतो. फेरफाराची नोंद मात्र तलाठ्यानं करायची आणि मंडळ अधिकाऱ्यानं ती मंजूर करायची. इथे एक बारकावा आहे, त्याची पुढे गरज लागेल. जमीन ज्याच्या नावावर आहे त्यालाही स्वतःच्या सातबाऱ्यावर पेन चालवता येत नाही. जमिनीचा मालक आणि त्या कागदाचा मालक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

दाराशी विचारपूस करणारा हा जण म्हणजे कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याची रीत कळली की निम्मे गोंधळ मिटतात. पहिली गोष्ट, त्याला माणसं दिसतच नाहीत. त्याला दिसतात चालू असलेले प्रोग्राम, आणि प्रत्येक प्रोग्रामच्या कपाळावर एक क्रमांक. आपण लॉगिन केलं की आपला क्रमांक आपण सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामला चिकटतो. फाइलीवरही मालकाचं नाव नसतं, क्रमांक असतो, आणि पडद्यावर दिसणारं नाव वेगळ्या यादीतून शोधून दाखवलेलं असतं. त्यामुळे एक गंमत घडते. लिनक्सच्या बहुतेक वाणांत पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो. माझी लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली डिस्क काढून तुमच्या मशीनला लावली, तर तिथला क्रमांक १००० तुमचा असल्यामुळे माझ्या सगळ्या फाइली तुमच्या नावावर दिसू लागतात. चोरी नाही, दरोडा नाही, निव्वळ क्रमांक जुळला.

दुसरी गोष्ट, कर्नल एकाच आकड्याकडे पाहतो. विचारणारा मालक असेल तर फक्त मालकाचा आकडा. मालक नसून गटातला असेल तर फक्त गटाचा. दोन्ही नसेल तरच इतरांचा. ‘इतरांना आहे म्हणजे मालकाला असणारच’ असा शहाणपणा तो करत नाही. म्हणून ०७७ अशी विचित्र फाइल करता येते, जी मालक सोडून सगळ्यांना उघडी असते. (मालकाला ती वाचता येत नसली तरी परवानगी बदलण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे त्याचं फारसं बिघडत नाही.) याचा उपयोगही होतो. विद्यार्थ्यांचा एक गट केला आणि फाइलीला ६०४ दिलं, तर ती विद्यार्थी वगळून बाकी सगळ्यांना वाचता येते.

तिसरी, ही विचारपूस फाइल उघडताना एकदाच होते. नाट्यगृहात तिकीट दाराशी फाडतात, प्रत्येक अंकाला नाही. एखाद्या प्रोग्रामनं फाइल उघडलेली असताना तुम्ही परवानगी काढून घेतली तरी त्याचं वाचन चालूच राहतं.

आणि चौथी म्हणजे क्रमांक शून्य. हा रूट. फाइली वाचण्या-लिहिण्याच्या बाबतीत त्याला कर्नल अडवत नाही. त्या रात्री माझ्या कपाळावर शून्य होतं.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. लोक फसतात ते फोल्डरपाशी, आणि अनुभवी लोकही फसतात.

एका कार्यालयात हिशेबाची एक महत्त्वाची फाइल होती. कोणी चुकून बदल करू नये म्हणून ती सर्वांसाठी, मालकासाठीसुद्धा, फक्त वाचण्यापुरती केली होती, म्हणजे ४४४. तरी एक दिवस ती गायब झाली. ‘लिहायची परवानगीच नाही तर उडवली कशी?’ यावर दोन दिवस वाद झाला आणि संशय नको त्या माणसावर गेला. खरं कारण असं, की फाइल उडवण्याला त्या फाइलीची परवानगी लागतच नाही.

फोल्डर म्हणजे फाइली ठेवलेली पेटी, असं चित्र आपल्या डोक्यात असतं, आणि पिवळ्या फोल्डरच्या त्या चित्रानं ते पक्कं केलेलं असतं. आत मात्र फोल्डर म्हणजे एक नोंदवही आहे. प्रत्येक ओळीत एक नाव आणि त्यापुढे एक क्रमांक, म्हणजे या नावाची फाइल डिस्कवर कुठल्या नोंदीत सापडेल त्याचा पत्ता. मालक कोण, आकारमान किती, परवानग्या काय, हे सगळं त्या नोंदीत असतं, नावाजवळ नसतं. फाइल उडवायची म्हणजे नोंदवहीतली तिची ओळ खोडायची. ओळ खोडायला नोंदवहीवर लिहिता आलं पाहिजे, फाइलीत काय लिहिता येतं याच्याशी त्याचा संबंध नाही. ग्रंथालयात पुस्तक काचेच्या कपाटात कुलूपबंद आहे आणि दाखल नोंदवही मात्र काउंटरवर उघडी पडली आहे, तसा हा प्रकार. कागदोपत्री पुस्तक नाहीसं करायला कपाट फोडायची गरज पडत नाही. फाइल वाचण्यापुरती असली तर लिनक्समधली उडवण्याची आज्ञा ‘नक्की का?’ असं विचारते, पण ती त्या आज्ञेची सभ्यता आहे. कर्नलची काही हरकत नसते.

त्यामुळे फोल्डरवर त्याच तीन खुणांचे अर्थ बदलतात. वाचणं म्हणजे नोंदवहीतली नावं पाहता येणं. लिहिणं म्हणजे नावं वाढवता, खोडता, बदलता येणं. आणि ‘चालवणं’? फोल्डर काही चालवता येत नाही, म्हणून ती खूण ‘यातून पुढे जाता येणं’ या अर्थानं वापरली. वाड्याच्या दाराशी बिऱ्हाडांच्या नावांची पाटी असते. ती वाचता येणं वेगळं आणि दिंडीतून आत पाऊल टाकता येणं वेगळं. पाटी झाकलेली आहे पण दिंडी उघडी आहे, असं असेल तर ज्याला नेमकी खोली ठाऊक आहे तो थेट तिथे पोचतो आणि उगाच डोकावणाऱ्याला काही दिसत नाही. ही ७११ ची व्यवस्था. उलट पाटी दिसते पण दिंडी बंद, असं झालं तर नावं वाचता येतात आणि एकही फाइल उघडत नाही. ‘फाइलीला सगळ्या परवानग्या दिल्यात, तरी उघडत नाही’ या तक्रारीत दहातल्या नऊ वेळा वाटेतल्या कुठल्या तरी फोल्डरची दिंडी बंद असते. मुळापासून फाइलीपर्यंतच्या वाटेवर जेवढे फोल्डर लागतात तेवढ्या दिंड्या उघड्या असाव्या लागतात.

मग जिथे सगळ्यांनाच लिहिता यावं लागतं, त्या तात्पुरत्या फाइलींच्या ‘टेंप’ फोल्डरचं काय? तिथे नोंदवही खुली ठेवावी तर कोणीही कोणाचीही ओळ खोडेल. त्यासाठी एक जादा खूण वापरतात, ‘स्टिकी बिट’. ही खूण मूळची निराळ्याच कामाची होती. वारंवार लागणारा प्रोग्राम संपल्यावरही त्याची प्रत हाताशी चिकटवून ठेवावी, यासाठी ती काढली होती. ते काम संपलं, खूण उरली, आणि तिला नवं काम मिळालं: या फोल्डरमध्ये नाव कोणीही वाढवावं, पण खोडावं ते ज्याचं त्यानं. रूटला आणि त्या फोल्डरच्या मालकाला मात्र सगळीच मुभा.

आता ती सहावी तिरपागडी खूण. पेच असा होता. सगळ्या वापरकर्त्यांची माहिती, पासवर्डासकट, एका फाइलीत. तिचा मालक रूट. मला माझा पासवर्ड बदलायचा आहे, म्हणजे त्या फाइलीतली माझी एक ओळ बदलायची आहे. सातबाऱ्याचाच पेच हा. ओळ माझी, कागद माझा नाही. मला लिहायची परवानगी द्यावी तर मी शेजाऱ्याचीही ओळ बदलीन, आणि न द्यावी तर दर वेळी रूटची मनधरणी करावी लागेल.

डेनिस रिची यांनी उत्तर काढलं ते असं. प्रोग्रामच्या फाइलीवर एक खूण करायची. ती असली की तो प्रोग्राम चालवणाऱ्याच्या क्रमांकानं चालणार नाही, त्या फाइलीच्या मालकाच्या क्रमांकानं चालेल. याला सेटयूआयडी म्हणतात. पासवर्ड बदलणारा प्रोग्राम रूटच्या मालकीचा ठेवायचा आणि त्याला ही खूण द्यायची. मी तो चालवला की तेवढ्यापुरता तो रूटच्या अधिकारानं चालतो, पण करतो एकच काम: मला माझा जुना पासवर्ड विचारतो आणि माझीच ओळ बदलतो. तलाठी अर्ज घेतो, कागदपत्रं पाहतो आणि नोंद स्वतःच्या हातानं करतो. दप्तर माझ्या हाती देत नाही. बेल लॅब्जनं १९७३ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९७९ साली ते मिळालं आणि पुढे सर्वांसाठी खुलं केलं गेलं.

कल्पना सुंदर आहे, आणि मला तरी ती युनिक्समधली सगळ्यांत धाडसी वाटते, कारण तिच्यात सगळा भार त्या प्रोग्रामच्या सचोटीवर पडतो. तलाठ्याला गुंगवता आलं तर दप्तर आपलंच. ‘सुडो’ हा असाच प्रोग्राम, ठरावीक लोकांना ठरावीक कामं रूटच्या अधिकारानं करू देणारा. जगभरच्या लिनक्स मशीनवर तो असतो. जानेवारी २०२१ मध्ये त्यातली एक चूक उघड झाली. मशीनवर साधा प्रवेश असलेला कोणीही, सुडो वापरायची परवानगी नसतानाही, तिच्यातून रूट होऊ शकत होता. ती चूक जुलै २०११ पासून तिथे होती.

पासवर्डांच्या फाइलीचीही एक उपकथा आहे. ती ६४४ होती, म्हणजे सगळ्यांना वाचता येई. क्रमांकावरून नाव शोधायला ती सगळ्याच प्रोग्रामना लागे, आणि पासवर्ड त्यात उलट न फिरवता येणाऱ्या सांकेतिक रूपात असत. मग बिघडलं काय? रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली एक पाहणी छापली. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी ८६ टक्के एक तर फार छोटे होते किंवा शब्दकोशात, नावांच्या याद्यांत सापडणारे होते. सांकेतिक रूप उलटं फिरवता आलं नाही तरी एकेक शब्द सांकेतिक करून जुळवून पाहता येतो, फक्त फाइल वाचता आली पाहिजे. पुढे ते सांकेतिक पासवर्ड ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या फाइलीत हलवले गेले, जी साध्या वापरकर्त्याला वाचता येत नाही. ‘नुसतं वाचलं तर काय जातंय?’ असं म्हणणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतो.

आता माझी ती रात्र उलगडते. दुरुस्तीसाठी लागणाऱ्या सुडोनं सकाळी काम नाकारलं याला दोन कारणं होती. आकड्यांत ७७७ दिलं की फाइलीवरची सेटयूआयडीची खूण पुसली जाते, त्यामुळे सुडोला रूटचा अधिकारच उरला नव्हता. शिवाय कोणाला काय करू द्यायचं याची त्याची यादी आता कोणालाही लिहिता येत होती, आणि अशा यादीवर तो विश्वास ठेवत नाही. बाहेरून शिरण्याची वाट म्हणजे एसएसएच. तो प्रोग्रामही गुप्त किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल तर ती किल्ली वापरत नाही. ज्या चिठ्ठीवर कोणीही काहीही लिहू शकतो, तिच्यावरची सही त्यानं का मानावी? हे प्रोग्राम बिघडले नव्हते. त्या मशीनवर शुद्धीत असलेले तेवढेच होते. उलटा सीएचमॉड नावाची गोष्ट नसते. कुठल्या फाइलीला आधी काय होतं याची नोंद ती आज्ञा ठेवत नाही, त्यामुळे शेवटी बॅकअपवरून मशीन नव्यानं उभं करावं लागलं.

विंडोजबद्दल थोडक्यात. घरोघरी पोचलेल्या विंडोज ९५ आणि ९८ मध्ये फाइलींना मालक ही कल्पनाच नव्हती. १९९३ साली निघालेल्या विंडोज एनटीत ती होती, आणि तीही मल्टिक्सच्या वळणाची: प्रत्येक फाइलीला नावांची यादी, त्यात ‘द्या’ आणि ‘देऊ नका’ अशा दोन्ही नोंदी, आणि वरच्या फोल्डरकडून खाली येणारा वारसा. एक्सपीबरोबर हे २००१ साली घरी आलं, पण बहुतेक जण सर्वाधिकारी खात्यावरच वावरत, म्हणजे पहारेकरी होता आणि तो सगळ्यांनाच सलाम ठोकत होता. व्हिस्टापासून पडदा काळवंडून ‘या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?’ असं विचारणं सुरू झालं. ऑफिसात कामाला येणारी एक गोष्ट इथेच सांगतो. विंडोजमध्ये फाइलीची नक्कल केली तर ती नव्या फोल्डरचे नियम घेते, पण त्याच ड्राइव्हवर नुसती हलवली तर जुने नियम बरोबर नेते. ‘सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाकली, तरी कोणाला दिसत नाही’ याचं कारण बहुधा एवढंच असतं.

ही सगळी व्यवस्था उभी असते ती पहारेकरी जागा आहे या भरवशावर. मशीन बंद केलं, डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडली आणि तिथे मी रूट असलो, तर तुमच्या ६०० ला काही अर्थ नाही. ते टाळायला डिस्कच सांकेतिक करावी लागते. साध्या पेनड्राइव्हवर तर परवानग्या लिहायला जागाच नसते. तिच्यावरून परत आलेल्या फाइलींच्या परवानग्या लिनक्सवर बऱ्याचदा सगळ्यांच्या एकसारख्याच दिसतात त्या यामुळे.

याहून मोठी फट वेगळीच आहे, आणि ती १९७१ मध्ये फट वाटण्याचं कारण नव्हतं. त्या काळी धोका शेजारच्या टर्मिनलवर बसलेल्या माणसाचा होता. प्रोग्राम आपण लिहिलेला असे किंवा ओळखीच्या माणसानं. आज माझ्या लॅपटॉपवर माणूस मी एकटाच आहे आणि प्रोग्राम शेकडो, कुठून कुठून आलेले. त्या सगळ्यांच्या कपाळावर माझाच क्रमांक. फुकटात उतरवलेला एखादा खेळ माझे लग्नाचे फोटो उघडू लागला तर कर्नलच्या दृष्टीनं ते मीच उघडतोय. खंडणीखोर प्रोग्राम लोकांच्या फाइली सांकेतिक करून टाकतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा एकही परवानगी मोडावी लागत नाही.

फोननं यावर काढलेली तोड मला फार आवडते. अँड्रॉइडच्या आत लिनक्सच आहे, तोच कर्नल आणि तेच क्रमांक. त्यांनी क्रमांक माणसांना न देता ॲपना दिले, १०,००० पासून पुढे. प्रत्येक ॲप म्हणजे एक स्वतंत्र ‘वापरकर्ता’, स्वतःच्या फोल्डरचा मालक, बाकीच्यांसाठी ‘इतर’. बँकेचं ॲप आणि पत्त्यांचा खेळ एकाच खिशात राहतात, पण एमआयटीतल्या दोन अनोळखी विद्यार्थ्यांसारखे. कॅमेरा, फोटो, संपर्क अशा सामायिक गोष्टी हव्या असतील तर ॲपनं मागायच्या. आधी हे सगळं ॲप घेतानाच एकगठ्ठा मान्य करावं लागे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ऐन वेळी एकेक विचारलं जाऊ लागलं. संगणकही आता त्याच वळणावर आहेत. २०१९ पासून मॅकवर एखादा प्रोग्राम पहिल्यांदा डॉक्युमेंट्सच्या फोल्डरला हात लावू लागला की तुम्हाला विचारणा होते, प्रोग्राम तुमच्याच क्रमांकानं चाललेला असला तरी.

तर त्या रात्री फोटोंसाठी काय करायला हवं होतं? वेब सर्व्हरचा प्रोग्राम स्वतःच्या वेगळ्या क्रमांकानं चालत होता, आणि फोटोंच्या फोल्डरचा मालक होतो मी. त्या फोल्डरच्या दृष्टीनं तो प्रोग्राम ‘इतर’, आणि इतरांना त्या नोंदवहीत लिहायची मुभा नव्हती. कर्नल बरोबर होता. फोल्डरचा गट बदलून वेब सर्व्हरचा करायचा आणि आकडा ठेवायचा ७७५. दोन आज्ञा, फार तर दोन मिनिटं. अकराची बस तरीही आरामात मिळाली असती.